आधी देवळाची गल्ली

बोट आमच्या छपराला घासून गेली आणि थांबली नाही. मी मायला धरून टिनावर बसले होते, सकाळपासून. पूर्णेचं पाणी नाल्यातून उलटं चढलेलं. आमची वस्ती नाल्याला लागून. मायला दमा. तिचे ओठ निळे पडत चालले होते.

बोटीत जवान होते, त्यांचा सुभेदार होता आणि नारिंगी जाकिटातला एक माणूस. अमरावतीच्या मदत संस्थेचा. हातात यादी. सुभेदारानं आमच्याकडे हात केला. "ये लोग?"

"इनका नंबर आखिर में है." मग तो जाकिटवाला माझ्याकडे वळून, गोड आवाजात, "ताई, तुम्हाला पाण्याची सवय आहे. लिस्टप्रमाणे येतोच."

सवय. त्या शब्दाची मला अजून किळस येते.

"कावून नाई थांबले वं ते?" मायनं विचारलं.

आमच्या गावात कुठलीही यादी देवळापासून सुरू होते. मतदानाच्या चिठ्ठ्या, लसीकरण, घरकुल, सगळं. आधी देवळाची गल्ली, मग पाटीलपुरा, असं उतरत उतरत शेवटी आम्ही, बौद्धवाडा. संस्थेची माणसं आदल्या दिवशी आली, पाटलाच्या ओसरीवर चहा प्याली आणि तीच यादी उतरवून घेऊन गेली. नाल्याकडे कुणी फिरकलं नाही. सैन्याला गाव ठाऊक नव्हतं, म्हणून बोट त्यांची आणि यादी यांची, असं ठरलेलं. देवळापाशी पाणी गुडघाभर. आमची घरं छपरापर्यंत बुडालेली.

तीन खेपा झाल्या. तिन्ही आमच्यावरून. तिसऱ्या खेपेत पाटलाच्या इन्व्हर्टरची बॅटरी होती. मी ओरडले. एका जवानानं मान खाली घातली. जाकिटवाला यादीवर खुणा करत होता.

चौथ्या खेपेत आम्हाला घेतलं. तिसऱ्या दिवशी माय अकोल्याच्या दवाखान्यात गेली. मृत्यूच्या कागदावर कारण लिहिलं, दमा.

पंधरा दिवसांनी शाळेत सत्कार. बॅनरवर सैन्य आणि संस्था यांच्या समन्वयाचं कौतुक. जाकिटवाल्यानं माझ्या हातात लिहिलेलं भाषण दिलं. "वस्तीतर्फे आभार माना. तुमची आई गेली, तुम्ही बोललात तर लोकांना भिडेल."

आणि मी तो कागद घेतला. उठलेसुद्धा. वरच्या माणसानं सांगितलं की आम्ही उठतो, लहानपणापासून. माइकपर्यंत चालताना मला स्वतःचीच शिसारी आली. कागद चुरगाळला.

"माही माय पुरानं नाई गेली. तुमच्या यादीनं गेली. मी आभार मानाले आली नाई."

माइक बंद केला. सरपंच म्हणाला, "पोरीले येड लागलं. माय गेली ना." सुभेदार उठला. "लिस्ट किसने बनाई?"

"इनसे पूछो," मी जाकिटवाल्याकडे हात करून म्हणाले. "और तुमने क्यों मानी? तुम्हारी तो आँखें थीं."

तो खाली बसला.

या उन्हाळ्यात वस्तीतल्या आठ बायांना घेऊन मी नाल्यापासून वरपर्यंत घरं लिहून काढली. पाणी आधी कुठं शिरतं, कोण दमेकरी, कोण पोटुशी. ही आमची यादी तहसीलमध्ये दिली, पोच घेतली. साहेब म्हणाले, संस्थेमार्फत द्या. नाही देणार. गावात शिरायला बोटीला आमच्यातूनच वाट आहे. पुढच्या पुरात आधी आमची माणसं चढतील. नाहीतर बोट पुढं जाणार नाही. आम्ही जाऊ देणार नाही.