काळा पडलेला कोश

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे. नागभीडकडच्या आमच्या खेड्यात तिसरीला फुलपाखरू शिकवायचं होतं. तक्ता दाखवून मोकळं व्हावं, हे मला जमत नाही. पाच पोरांनी शाळेमागच्या लिंबोणीवरून एकेक अळी आणली. जाळी लावलेलं एक खोकं केलं, आणि ज्याची त्याची काडी, काडीला नावाची चिठ्ठी. अळ्यांचे हिरवे कोश झाले. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! दर पाच मिनिटांनी पोरं खोक्याशी.

एका सकाळी पाहते तर कोश चारच. डोकंच फिरलं माझं.

"कोणी हात लावला? बोला!"

मागच्या रांगेतली एक पोरगी उठली. वर्षभरात हजेरीच्या 'हजर'पलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"म्या फेकला, बाई. काळा पडला होता."

"अगं पण कोणाचा होता? दुसऱ्याच्या वस्तूला..."

"माहाच होता."

तिचे वडील रानात ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात. ती खाली बघत म्हणाली, "कोसा काळा पडला का बाबा बाहेर नेऊन गाडते. नाईतं बाकीचेही मरते."

म्हणजे चौघांचे वाचावेत म्हणून हिनं स्वतःचा उचलला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फुलपाखरू निघायच्या आधी कोश काळपट दिसतो, पंखांचा रंग आतून दिसायला लागतो, हे मीच सांगायला विसरले होते.

"कुठी फेकला?"

कुंपणाशी. मधल्या सुट्टीत गाडणार होती. सगळा वर्ग पाचोळ्यात गुडघ्यांवर, मीसुद्धा साडी खोचून. काडी सापडली, चिठ्ठीसकट. कोश आतून हलत होता, अगं बाई!

तो परत टांगला आणि मधल्या सुट्टीची खिचडी थंड होऊ दिली. थोड्या वेळानं कोश फुटला. चुरगळलेले ओले पंख घेऊन काळं फुलपाखरू बाहेर आलं आणि पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, चुकलं माझं. फार बरं वाटलं.

ती मात्र हसली नाही. फुलपाखराकडे बघत राहिली, मग माझ्याजवळ आली.

"बाई, मंग बाबानं गाडले, त्यातही कोनी जित्ता होता का?"

"मले नाई माहीत, बापा," मी म्हटलं. "शाळा सुटली का चल, तुह्या बाबाले विचारू."