टॉवेल-टोपी

कोऱ्या टोपीच्या खळीचा वास आला की मला मानवतचा तो लग्नमंडप आठवतो. चुलत बहिणीच्या लग्नात तिच्या सासरच्यांनी आम्हाला टॉवेल-टोपीचा आहेर केला. मला टोपी आवडत नाही, म्हणून मी ती हातातच धरली. चुलत्यांनी भर मांडवात ती माझ्या डोक्यावर दाबली. "डोकं तुझं असंल, इज्जत आमची हाय." मी टोपी काढून त्यांच्याच हातात ठेवली. मग भावकीतलं कुणी माझ्याशी बोललं नाही, पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसलंही नाही. जेवणं झाल्यावर मात्र त्याच टोप्यांना सगळे तेलकट हात पुसत होते, चुलतेसुद्धा. आता भावकीच्या लग्नात आहेराला माझं नाव पुकारत नाहीत. न का पुकारेनात, हात पुसायला मी घरून रुमाल नेतो.