पाठमोरी रोवणी

सिनेमा शिकायला पुण्याला गेलेला आमच्या गावातला मी पहिलाच. लामत्याजवळच्या आमच्या गावात तोवर सिनेमा ही बालाघाटला जाऊन पाहायची गोष्ट होती, शिकायची नव्हे. सहा महिन्यांत माझ्या डोक्यात इतकी हवा शिरली, की सुट्टीत घरी आल्यावर मी दोन्ही हातांची चौकट करून म्हशीकडेसुद्धा बघायचो.

सुट्टीचं काम होतं ओळखीच्या एका माणसावर मूकपट करून आणायचा. सोबत चावी भरून चालणारा कॅमेरा आणि एकच रीळ, जेमतेम पावणेतीन मिनिटांचं. मी आईला निवडलं. तिचा तोवर एकही फोटो नव्हता, लग्नातलासुद्धा नाही. तिनं गावभर सांगितलं, "माया पोरगा मले सिनेमात घेऊन राह्यला."

पुण्यातच मी वहीत सगळी दृश्यं काढून ठेवली होती. धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायका चिखलातून कॅमेऱ्याकडे येतात, चेहरे मोठे होत जातात आणि शेवटी पडदाभर आईचा चेहरा. वही पाहून आमच्या मास्तरांनी मान डोलावली. ते शहरात वाढलेले, त्यांना काय ठाऊक! मी मात्र धानाच्या चिखलातच लहानाचा मोठा झालो होतो.

धान रोवणारी बाई पुढे येतच नाही. ती वाकून रोप लावते आणि मागे सरकते, नाहीतर आपणच लावलेलं तुडवेल. जन्मभर पाहिलेलं हे मी सहा महिन्यांत साफ विसरलो होतो. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभा राहून ऐटीत कॅमेरा सुरू केला आणि माझ्या नायिका माझ्यापासून लांब लांब जायला लागल्या.

"काकू, इकडं या ना!" मी ओरडलो.

मोठी काकू वाकूनच म्हणाली, "तिकडं येऊन रोवलेलं तुडवू काय, बाबू?"

मी धावत पलीकडच्या धुऱ्यावर गेलो. तिथून बायका जवळ यायला लागल्या, पण पाठमोऱ्या. शहाण्यानं तिथंच थांबावं. मी ते सगळं घेतलं, शिवाय पाण्यातलं आभाळ घेतलं, एक बगळा घेतला, चिखलातली पावलं घेतली. आई रोवायला निघाली तर तिला अडवलं. "तू थांब माय, तुया चेहरा शेवटी घेतो."

शेवटी तिनं तोंड धुतलं, पदर नीट केला आणि उन्हात उभी राहिली. मी कॅमेऱ्याचा काटा पाहिला. रीळ संपलेलं होतं. मला ते सांगवेना. लाज वाटली आणि भीतीही. मी "हास माय, हास" म्हटलं, चावी भरली आणि रिकामा कॅमेरा तिच्यासमोर घुरघुरत ठेवला. तो थांबला की पुन्हा भरत होतो.

पुण्यात मास्तरांनी शेरा मारला, "यातली व्यक्ती कोण? बगळा?" काठावर पास झालो.

पुढच्या सुट्टीत रीळ सोबत होतं, पण गावात ते दाखवायची मशीन नाही म्हणून मी वेळ मारून नेणार होतो. पण आईनं शाळेतल्या गुरुजींच्या मागे लागून ब्लॉक ऑफिसातून ती मशीन मागवली होती. भरदुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि भिंतीवर माझी कला सुरू झाली.

मास्तरांना ज्यात एकही माणूस दिसला नव्हता, त्यात बायकांना सगळी ओळखीची माणसं दिसली. "हे पाह्य, मोठी काकू! कमरीवर हात ठेवला ना, तेच!" "अन् हे मावशी!" नुसत्या पाठी पाहून त्या एकेकीला हाक मारत होत्या, हसून लोळत होत्या. आई पुढे सरकून बसली होती. बगळा आला, पावलं आली आणि भिंत पांढरी झाली.

"मी कुठी आहो?" आईनं विचारलं.

"रीळ संपलं होतं, माय. तू उभी राहायच्या आधीच."

ती त्या पांढऱ्या भिंतीसमोरून उठून माझ्याजवळ आली. मग मला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "मंग मले हास हास काहून म्हणत होता?"