मंदावणारा दिवा

"आले बघा. हातपाय धुवायलेत."

घरातला दिवा जरा मंदावला की मावशी असं म्हणायच्या आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायच्या. त्यांचे मालक जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

जिंतूरच्या वरच्या डोंगरात त्यांचं एकटंच घर. तिथवर विजेचे खांब काही पोचले नाहीत. मालकांनी झऱ्याच्या तोंडाशी लहानशी कुंडी बांधली आणि तिथून पाइप खाली आणला. पाणी आधी एका चाकावर पडायचं, त्यावर डायनामो फिरायचा, मग ते हौदात जायचं. मालक संध्याकाळी रानातून आले की कुंडीतलं पाणी उपसून हातपाय धुवायचे. तेवढ्यात पाइपात पाणी कमी पडून घरातला दिवा मंदावायचा. मावशींना ती वर्दी पुरायची. त्याच कुंडीपाशी एका संध्याकाळी मालकांना साप चावला.

दिवा मंदावायचा मात्र थांबला नाही.

माझं जिंतूरला बॅटऱ्यांचं दुकान आहे. परभणीला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं मला बॅटरी बसवायला पाठवलं होतं.

"उजेड एकसारखा राहील, मावशी," मी म्हणालो.

"मंग ते आलेलं मला कसं कळावं? ते येऊन माघारी जातील, आन् मी बसंन अशीच."

तुम्हाला हसू येईल. मलाही आलं. तेवढ्यात त्यांनी चहाचे दोन कप भरले. मी जवळचा उचलला, तर म्हणाल्या, "त्यो ऱ्हाऊ द्या, दादा. तुमचा ह्यो." पाहुण्याला दुसरा मान, एवढंच काय ते मला खटकलं.

भूतबीत मी मानत नाही. वर गुरं पाणी पीत असतील, नाहीतर पाइपाच्या तोंडाला पाला अडकत असेल, असा माझा हिशेब. दुसऱ्या खेपेला दिवस मावळायच्या आत वर जाऊन कुंडीपाशी बसलो. गुरं नव्हती, पाला नव्हता. कुंडी काठोकाठ भरलेली, पाणी जरासुद्धा हललं नाही. उगाच अंगावर काटा आला, तेव्हा मोठ्यानं खाकरलो आणि खाली आलो. चुलीवर आधण उकळत होतं.

"कधी मंदावला?" मी विचारलं.

"आत्ताच की. तुमी तर तिथंच होता. बोलले न्हाईत का?" मावशी चहा गाळत म्हणाल्या. "लय भिडस्त हायत. नव्या माणसापुढं त्येंची जीभच उचलत न्हाई."

मी बॅटरी तशीच परत नेली. उतरताना मागे वळून बघायचा धीर झाला नाही, हे खरं. पण भीतीपेक्षा हेवा जास्त वाटला. माझ्यासाठी कुणी इतकी वर्षं वाट बघेल, असं मला काही वाटत नाही.

मावशी गेल्या हिवाळ्यात वारल्या. मुलानं डायनामो काढून न्यायला मला बोलावलं. तो आत लुगडी बांधत होता, मी दाराशी पाना काढून उभा. दिवेलागणीची वेळ. दिवा मंदावला आणि पुन्हा उजळला. मुलगा हातातलं लुगडं तसंच धरून दिव्याकडे बघत राहिला. आईला या गोष्टीवरून तो किती रागवायचा, हे मी ऐकलेलं होतं.

मग दिवा परत मंदावला. एकाचं धुऊन झाल्यावर दुसऱ्यानं कुंडीत ओणवं व्हावं, तसा.

मुलानं लुगडं घडी करून उतरंडीवर ठेवलं.

"चालूच राहू द्या, मिस्त्री," तो म्हणाला. "दोघांनी अंधारात कशाला यायचं?"