‘ण’ नीट म्हण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच. त्या गावचं कुणी भेटलं की म्हणतं, बाई, तुमच्यामुळे आमचं वाचन सुधारलं. मी हसते, चहा टाकते.

बाहत्तर साली मी पाथर्डीकडच्या एका खेड्यात चौथीला शिकवत होते. नोकरी नवी. मुलं अक्षरावर बोट ठेवून शब्द फोडत वाचायची. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असायची. ती भरभर वाचायला लागावीत म्हणून रोज शेवटचा तास मी मोठ्याने वाचायला ठेवला. कल्पना चांगली होती — म्हणून तर जास्त किळस येते.

त्या वर्गात यमुना होती. तिला बोट लागायचं नाही. ती वाचू लागली की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची, इतकं ते गोष्ट सांगितल्यासारखं असायचं. फक्त — पुस्तकात ‘पाणी’ असलं की ती ‘पानी’ म्हणायची. ‘आणि’चं ‘आनि’. ‘विहिरीवर’ छापलेलं असलं तर ‘हिरीवर’. आज कळतं, अर्थ मनात उतरला होता म्हणूनच तो तिच्या बोलीत बाहेर पडत होता. तेव्हा कळत नव्हतं का? खरं सांगू? थोडं कळत होतं.

माझी आईही पानीच म्हणायची. मीही म्हणायचे — नगरला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेले आणि तिथल्या मुली फिदीफिदी हसल्या, तोवर. हे मी कारण म्हणून सांगत नाही. उलट, ते कसं लागतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती चुकली की मी टेबलावर पट्टी आपटायचे. म्हणायचे, “ण नीट म्हण.” मग साऱ्या वर्गाकडून तिच्यासमोर ‘पाणी, पाणी’ घोकून घ्यायचे. पोरं हसायची. मी थांबवलं का त्यांना? नाही. एकदा तर त्यांच्याबरोबर मीही हसले — तिची नक्कल करून.

मग ती पुढची ओळ आधीच चाचपू लागली, कुठे ‘ण’ आहे ते बघायला. तो दिसला की त्याच्या अलीकडेच अडायची. पुढे पुढे प्रत्येक शब्दापाशी अडू लागली. दिवाळीनंतर तिने तोंड उघडणंच सोडलं. पुस्तक धरून नुसती उभी राहायची. वर्गात अस्खलित वाचणारी एकच पोर — तिची वाचा मी घालवली. आणि त्याला मी शुद्ध वाचन म्हणत होते.

त्या सुमारास गावाजवळ दुष्काळी काम निघालं. तिची आई खडी फोडायला जात होती. एक दिवस वडील यमुनाला घेऊन शाळेत आले. टोपी काढून दारातच उभे राहिले.

“बाई, खरं सांगा. हिला वाचाया येतंय का? येत आसंल तर ऱ्हाऊ द्या साळंत. न्हाई तर आईसंगं कामावं धाडतो.”

हो म्हटलं असतं तर त्यांनी तिला वाच म्हटलं असतं. ती वाचू शकली नसती. मग त्यांनी विचारलं असतं — का? आणि पोरं बोलली असती.

“नाही हो,” मी म्हणाले. “तिला नाही जमत.”

यमुनाने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. तिला ते खरंच वाटलं — माझ्या तोंडचं होतं ना. दहा वर्षांची पोर. तिने दप्तर उचललं आणि वडिलांच्या मागे गेली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मी पुस्तक उघडायला लावलं. पोरं पाळीपाळीने वाचत गेली, अडखळत, पण सगळे ‘ण’ जागच्या जागी. कुठे पट्टी आपटावी लागली नाही. आणि मला — बरं वाटलं.