दोनच पाव्हणे

आतापर्यंत हे माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आक्कानं नाही, माझ्या बायकोनंही नाही. ज्यांना ऐकायचा पहिला हक्क होता, ते दाजी तर मागच्या महिन्यात गेले. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित तेवढ्यामुळेच हात लिहायला तयार झाला आहे. तरी सकाळपासून दोनदा कागद बाजूला सारला. पुन्हा ओढला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ गाव धर्मापुरी. अण्णांच्या — माझ्या वडिलांच्या — पाठीनं दगा दिला तेव्हा ते आक्काला घेऊन आमच्याकडे राहायला आले. कारण मी काय करत होतो? केजला आधी शिकत होतो, मग शिकवत होतो. रानात गेलो तरी बांधावर बसून पुस्तक वाचायचो. शेत दाजींनी सांभाळलं, शेळ्या सांभाळल्या, अण्णांना दवाखान्यात नेलं-आणलं. सारं गाव त्यांना दाजीच म्हणायचं, शेंबडी पोरंसुद्धा. त्यांचं नाव बळीराम होतं, हे कित्येकांना मयतीला आल्यावर कळलं.

आणि ते कबड्डी खेळायचे. डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे. पळती शेळी मागच्या पायाला धरून थांबवायची सवय होती त्यांना — तोच हात चढाईला आलेल्या गड्याच्या घोट्यावर पडला की सुटका नसे. चाळिशी जवळ आली होती, तरी पोरं त्यांना सोडत नव्हती.

आमच्याकडे उरुसात आसपासच्या गावांची मिळून स्पर्धा भरते. मधे काही वर्षं तिचं नुसतं सोंग झालं होतं. कुणी सांगलीकडचे गडी आणायचे, कुणी थेट हरियाणाचे. सातच्या सात बाहेरचे, आणि गावच्या पोरांनी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या धरायच्या. मग सगळ्या गावांनी एकत्र बसून ठरवलं की बाहेरचे दोनच. अशा आणलेल्या गड्याला आमच्याकडे पाव्हणा म्हणतात. दोन पाव्हणे, बाकीचे गावचे.

पण गावचा कुणाला म्हणायचं? कुणी म्हणालं जन्म बघा, कुणी म्हणालं आधार कार्ड. तर लगेच दुसरा म्हणाला, आधारवरचा पत्ता काय, चहा पिऊन होईस्तोवर बदलून आणतो. शिकलेला म्हणून मलाही त्या बैठकीत बसवलं होतं. मी म्हणालो, "ज्याची चूल गावात पेटते, तो गावचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं सोपं वाक्य कुणाला सुचलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला — खोटं कशाला सांगू, घरी येऊन मी ते आक्काला दोनदा ऐकवलं. दाजी दारात सरपण फोडत होते. कुऱ्हाड थांबवून म्हणाले, "म्हंजे मी बी गावचा झालो की, मास्तर!"

ते चेष्टेत म्हणाले, की मनापासून? तेव्हा मी विचारात पडलो नाही. आता पडतो.

पुढच्या वर्षी आमच्या पोरांनी महिनाभर फोन करकरून दोन पाव्हणे ठरवले. एक सांगलीकडचा चढाईचा गडी, दुसरा हरियाणाचा. त्याला भाकरी चालत नसे, दूध मात्र चरवीभर लागे. पाव्हण्यांच्या दोन्ही जागा भरल्या. डाव्या कोपऱ्यात दाजी, गावचे म्हणून. आम्ही फायनलला पोचलो.

आणि फायनलच्या तोंडावर समोरच्या गावानं हरकत घेतली.

"जावई म्हंजे पाव्हणाच की बे! तीन पाव्हणे झाले तुमचे!"

आमची पोरं उसळली. "बारा म्हईने आमच्या गावात शेण काढतंय माणूस, अन् पाव्हणा कावून?"

"मंग आहेर कावून करता त्याला दर दिवाळीला?"

लोक हसले. दाजीही हसले. गुडघ्याला पट्टी बांधत बसले होते, बांधतच राहिले. पंच म्हणून पलीकडच्या गावचे एक जुने गुरुजी होते, सगळ्यांना मान्य असलेले. त्यांनी मला खूण केली आणि मंडपामागं, पाण्याच्या टँकरजवळ नेलं.

इथं मला थांबावं लागतंय. आदल्या दिवशीचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही — आणि सांगितलं, तर ती सबब वाटेल याची भीती आहे. तशी ती समजू नका.

आदल्या दिवशी ओट्यावर चार माणसं बसलेली असताना अण्णा म्हणाले होते, "आता ह्योच माझा ल्योक. खालचं वावर ह्याच्या नावावर करून टाकतो." खालचं वावर म्हणजे विहिरीचं, आमच्याकडचं सगळ्यात चांगलं. दाजी गडबडून म्हणाले, "काहीबी काय बोलता मामा." माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी हसलो. म्हणालो, "बरोबरच आहे." ज्या वावराच्या बांधाच्या खुणा मला धड दाखवता येत नव्हत्या, ते एकाएकी माझं वाटायला लागलं. नुसतं वावर नाही — ओटा, घर, अण्णांच्या तोंडातला तो 'ल्योक' शब्द. हे सगळं कुणीतरी घेऊन चाललं होतं. आणि आता भरल्या मैदानात, सगळ्या गावांच्या देखत, ते 'गावचे' ठरणार होते. उद्या हेच लोक साक्षीला उभे राहिले तर? कबड्डीचा निकाल शेतीला लागत नाही, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी तोच हिशेब मांडत होतो.

गुरुजी म्हणाले, "मास्तर, नियम तुमचा, माणूस बी तुमच्या घरचा. तुमी लबाड बोलणार न्हाईत म्हणून तुमालाच इचारतो. गावचा का पाव्हणा?"

मी म्हणालो, "चूल आमची आहे, गुरुजी. त्यांची वेगळी नाही. ते आमच्यात जेवतात."

"म्हंजे पाव्हणा?"

"नियमानं — हो."

झालं. एवढंच. टँकरचा नळ ठिबकत होता, आणि मी त्याच्याकडं बघत होतो.

चूल कुणाच्या मालकीची, असं मी बैठकीत म्हटलंच नव्हतं. पेटते, असं म्हटलं होतं. आणि ती कुणाच्या सरपणानं पेटत होती? तिच्यावर शिजणारी ज्वारी कुणी पेरली होती? भाषा शिकवणारा माणूस मी. एका शब्दाला कुठं किंचित वाकवलं की अर्थ फिरतो, हे मला नेमकं ठाऊक होतं.

गुरुजींनी माझा हात हातात घेतला. "घरच्याच्या इरोधात खरं बोलायला लई काळीज लागतं. तुमचं नाव मी काढणार न्हाई." त्यांनी तो शब्द आजपर्यंत पाळला आहे.

त्यांनी जाहीर केलं की चूल सासऱ्यांची, म्हणून दाजी पाव्हणे धरले जातील, तीनपैकी एकाला बाहेर बसावं लागेल. आणलेल्या दोघांपैकी कोण बसणार होतं? आणि मग मी काय केलं, ऐका. मी मैदानात घुसलो आणि ओरडलो — "हा अन्याय आहे! आमच्या घरचा माणूस पाव्हणा कसा?" आवाज फाटेस्तोवर ओरडलो. गुरुजी माझ्याकडं बघतच राहिले. बहुधा त्यांना वाटलं असेल, बिचाऱ्याला घरी तोंड दाखवायचं आहे. दाजी उठून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या मास्तर. पाव्हण्याला बाहेर बसून बी मॅच दिसती." मग गुडघ्याची पट्टी सोडून तिची नीट गुंडाळी केली.

डाव्या कोपऱ्यात एक कोवळा पोरगा उभा राहिला. समोरचे सगळे तिकडूनच येत होते. आम्ही हरलो.

दाजी त्या सामन्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. फक्त काही दिवसांनी आक्काला म्हणाले, "आपली चूल आपण येगळी मांडू." आणि दिवाळीच्या आत ते धर्मापुरीला परत गेले. अण्णांनी खूप अडवलं. मीही अडवलं — हो, मीही, तोंडानं. खालचं वावर आज माझ्या नावावर आहे. बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं आहे.

दाजींना छातीत कळ आली आणि ते गेले. त्याचा याच्याशी संबंध जोडत नाही. तेवढं मोठं दुःख स्वतःला चिकटवून घ्यायचा मला अधिकार नाही. पण दुखवट्यात बसलेलो असताना आक्का जे सांगत होती, ते माझ्या कानात राहिलंय. धर्मापुरीच्या पोरांनाही दाजी संघात हवे होते. पण तोवर आमचा नियम त्या बाजूलाही पोचला होता, वाक्यासकट. तिथं कुणीतरी म्हणालं, "ह्यांची चूल तर इतकी वर्सं सासुरवाडीत पेटत व्हती. हे तिकडचे." दाजी हसले म्हणे. मग पोरांना पकडी शिकवत राहिले, रेषेच्या बाहेर उभे राहून.

तेराव्याला गुरुजी आले. आता काठी टेकत चालतात. जेवणं झाल्यावर आक्कासमोर बसले आणि म्हणाले, "बाई, एकदा फायनलला तुमच्या मालकाला मी बाहीर बसवलतं. चुकलं माझं. मनातून जात न्हाई."

आक्का म्हणाली, "तुमी तरी काय करणार गुरुजी? नियम व्हता." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्यानं मातर त्या दिवशी जिवाचं रान केलतं. हे नेहमी म्हणायचे — माझ्यासाठी भरल्या मैदानात भांडला, तो एक मास्तर."

गुरुजींनी मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. ते थांबले होते, हे मला दिसत होतं. आक्काही बघत होती, डोळे भरलेले. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "गुरुजी, चहा घेता ना?"

तेव्हापासून फोन वाजला की मी लगेच उचलत नाही. पडद्यावर आक्काचं नाव असेल, गुरुजींनी तिला सांगितलं असेल, असं वाटतं. मग ती विचारते, जेवलास का. मी हो म्हणतो. फोन ठेवल्यावर पुन्हा वाट बघत बसतो. काल बोलता बोलता म्हणाली, पोरं त्यांच्या नावानं सामने ठेवणार आहेत, दोन शब्द तूच बोल, तुझ्यावर त्यांचा लई जीव होता. मी बरं म्हणालो.

दाजींची चूल आमच्या गावात पेटत होती. ते गावचे होते. गुरुजींनी विचारलं, तेव्हा मला हे माहीत होतं.