गाडीचं नाक दोन बोटं वर

माझ्या मेहुण्याच्या साखरपुड्यात मी मंडपात गाडी घातली, असं बडोद्यात सांगतात. हे साफ खोटं आहे. मी गाडी दारात थांबवतच होतो. मंडपच गाडीबरोबर आला.

झालं असं, की मी एक जुनी, डोंगरदऱ्यांत चालणारी दांडगी गाडी घेतली होती. (आमच्या गोत्री भागातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे सोसायटीच्या फाटकातला स्पीडब्रेकर. पण माणसानं तयारीत असावं!) गाडीत खोट एकच. मागून उंच आणि पुढून बसकी. सतत काहीतरी हुंगत चालल्यासारखी दिसायची.

"भाऊजी, पुढून दोन बोटं उचलू," पराग म्हणाला. पराग म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. रविवारी त्याचाच साखरपुडा होता आणि नवरदेवाची गाडी म्हणून हीच जायची होती. "मी व्हिडिओ बघितलाय. पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, काम एकदम सोपं!"

"म्हणजे रे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे पुढची दोन चाकं एका दांड्याला बांधलेली नसतात, आई. डावं खड्ड्यात गेलं तरी उजव्याला काही नाही. ज्याचं त्याचं वेगळं."

"वेगळी चूल म्हण की!" सासूबाई म्हणाल्या. "मग काही खरं नाही."

शनिवारी आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. प्रत्येक चाकामागे एक लांब पोलादी दांडा आणि त्याच्या टोकाला बोल्ट. बोल्ट आवळला की दांडा पीळ खातो आणि तेवढी बाजू वर येते. डावी मी घेतली, उजवी परागनं. आवळून बाहेर येऊन बघतो तर डावी बाजू उंच!

"भाऊजी, तुमची जास्त झाली."

"तुझी कमी झाली!"

आता बोल्ट सैल करणं म्हणजे चूक कबूल करणं. ते आमच्या दोन्ही घराण्यांत नाही. त्यानं उजवी आवळली. ती डावीच्या वर गेली. मग मी डावी आवळली. मग तो. मग मी. बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हा आवळायला काही शिल्लकच नव्हतं.

गाडी आकाशाकडे बघत होती. पुढची चाकं वरून फाकलेली, खालून जवळ आलेली. नवी सून पाय जुळवून लाजत उभी राहते ना, तशी!

"अरे भाई, आ गाडी छे के विमान?" शेजारचे जयेशभाई गॅलरीतून ओरडले. "क्यारे ऊडशे? कधी उडणार?"

"दोन बोटं म्हणाला होतात ना?" बायको म्हणाली. "कुणाची? कुंभकर्णाची?"

मग मात्र आम्ही घराण्याचा मान बाजूला ठेवून बोल्ट सैल करायला गेलो. पण बोल्ट जे रुसले ते हलेचनात!

रविवारी सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर चढल्या, तरी सीट त्यांच्या छातीशी. "जावईबापू, ढकला. लाजू नका!" (हे वाक्य ऐकण्याची वेळ कुठल्याही जावयावर येऊ नये.) ढकललं. गाडी इतकी ताठ झाली होती, की प्रत्येक खड्ड्याला पेढ्यांचा डबा आणि सासूबाई एकदमच उडायच्या, पण खाली वेगवेगळ्या यायच्या. मला समोर फक्त आभाळ आणि लोकांच्या गॅलऱ्या दिसत होत्या. रस्ता पराग खिडकीतून डोकं काढून सांगत होता.

मुलीचं घर दांडिया बाजारातल्या एका बोळात. बोळावरच मंडप. मुलीचे वडील नाना यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "आमची व्हॅन आरामात आत येते. तुम्ही थेट दारापर्यंत या!"

मी हळूच आत शिरलो. नेमकी त्याच क्षणी मुलगी, म्हणजे ऋता, दारात आली. पराग तिच्याकडे बघत राहिला. आणि आमच्या टपावरच्या कॅरिअरनं मंडपाची झालर अलगद उचलली.

कापड ताणलं. बांबू वाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या! (त्यांना वाटलं, नवरदेवाच्या एन्ट्रीचा काहीतरी नवा प्रकार.)

"रिव्हर्स घ्या!" पराग ओरडला.

"रिव्हर्स घेऊ नका!" नाना ओरडले.

मी घरच्या माणसाचं ऐकलं. करकर आवाज झाला आणि उरलेला मंडप शांतपणे सगळ्या मंडळींवर पसरला. कापडाखालून नानांचा आवाज आला, "पाहुणे आले का?"

पराग पांढराफटक. "भाऊजी, मोडलं माझं लग्न."

तेवढ्यात कापडाची एक कड वर झाली आणि ऋता बाहेर आली. गजरा कानावर, केसांत फुलांऐवजी झालर.

"पराग, गाडी तू चालवत होतास?"

"नाही, भाऊजी!" एका क्षणात त्यानं मला विकलं.

ऋतानं माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मग ठीक आहे. उभा करा मंडप, मुहूर्त निघून चाललाय!"

सगळ्यांचे हात लागले. मंडप उभा राहिला, पण मधला बांबू दुभंगला होता. कुणीतरी दुसरा आणला, तो जमिनीत रुतेना. नाना माझ्याजवळ आले आणि गोड हसून म्हणाले, "पाहुणे, तुम्हाला वर उचलायची हौस दिसतेय. धरा."

अंगठ्या झाल्या, पेढे वाटले, जेवणं झाली. मी बांबू धरून उभा. साखरपुड्याच्या अल्बममध्ये सगळे आहेत, जयेशभाईसुद्धा आहेत. मी कुठेच नाही. एका फोटोच्या कडेला फक्त बांबू आहे आणि तो धरलेला एक हात. कुणी विचारलं, "हे कोण?" तर माझी बायको शांतपणे पान उलटते आणि म्हणते, "मंडपवाले."